गोल्डफिश बरा होतो, पुन्हा आजारी पडतो: औषधाआधी पाणी तपासा

मासा तळाशी बसून राहतो, पंख अंगाला चिकटवून घेतो, दाणे टाकले तरी वर येत नाही. दुकानातून औषध आणून टाकलं की आठ-दहा दिवसांत पुन्हा हिंडाफिरायला लागतो. महिना जेमतेम सरतो आणि परत तेच. ज्यांच्या घरी हा फेरा चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्याकडे तो पाच महिने चालला आणि त्यात आमचा एक मासा गेला. तो वाचला असता, हे आता मला कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची टाकी दोन फुटी. त्यात दोन गोल्डफिश होते. एक साधा केशरी, लेकीनं तिचं नाव केशर ठेवलं होतं, आणि दुसरा दुहेरी शेपटीचा पांढरा फँटेल. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी टाकी साफ करायचे. मासे बादलीत काढायचे, गोटे चाळणीत घेऊन नळाखाली धुवायचे, फिल्टरचा स्पंज स्वच्छ पाणी निघेपर्यंत पिळायचा, काच घासायची आणि नवं पाणी भरायचं. संध्याकाळी टाकी अशी लखलखायची की आल्या-गेल्याला कौतुकानं दाखवावी. मंगळवारी केशर कोपऱ्यात बसलेली दिसायची. गुरुवारपर्यंत तिच्या शेपटीत लाल रेघा उमटायच्या, केशराच्या काडीएवढ्या बारीक. शुक्रवारी मी निळं औषध टाकायचे आणि पुढच्या आठवड्यात ती बरी व्हायची.

पाचव्या महिन्यात पांढरा गेला. त्या रात्री स्वयंपाकघरातलं कालनिर्णय उतरवून मागची पानं उलटली. गॅस कधी लावला, दुधाचा खाडा कधी झाला हे मी त्यावर लिहितेच, त्यातच 'टाकी' आणि 'औषध' हेही लिहिलेलं होतं. पाचही महिन्यांत 'टाकी' लिहिल्यानंतर पाचव्या दिवशी 'औषध'. एकदाही उलटं नाही. टाकी धुतली नाही आणि मासा आजारी पडला, असं एकदाही झालेलं नव्हतं.

मग औषधानं बरं कसं वाटायचं? बाटलीवर बारीक अक्षरात एक ओळ होती: औषध घालण्याआधी टाकीतलं निम्मं पाणी बदला. मी ते इमानानं करायचे. मासा त्या निम्म्या पाण्यानं सावरत होता आणि श्रेय औषधाला मिळत होतं.

पाण्यात नेमकं काय घडतं

गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला मासा. त्याला जठर नसतं, अन्न सरळ आतड्यात जातं, त्यामुळे तो सतत चरत राहतो आणि सतत घाण करत राहतो. त्यात त्याच्या कल्ल्यांमधून अमोनिया थेट पाण्यात उतरतो. नदीत किंवा तळ्यात तो विरून जातो. ४५ लिटरच्या टाकीत जाणार कुठे?

जुन्या, मुरलेल्या टाकीत तो खाणारे जिवाणू असतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, ते देखील विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते मासा बऱ्यापैकी सोसतो. हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, गोट्यांवर, काचेवर बुळबुळीत थर करून चिकटलेले असतात. नव्या टाकीत हा थर तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आणि मी तो दर महिन्याला क्लोरीनच्या पाण्याखाली धुऊन टाकत होते. विरजणाचं भांडं रोज राखेनं घासून पुन्हा दही लागण्याची वाट बघावी, तसं.

पांढरा गेल्यावर थेंबांचं टेस्ट किट आणलं. बऱ्याच किटमध्ये अमोनिया नसेल तर नळीतलं पाणी पिवळं राहतं आणि असेल तर हिरवं होत जातं. शेवटचं एकदा, खात्री करायची म्हणून, केशरला दुसऱ्या टबात जुन्या पाण्यात ठेवण्याची तयारी करून मी टाकी नेहमीसारखी धुतली आणि रोज सकाळ-संध्याकाळ नळी भरून खिडकीशी धरली. धुण्याआधी लिंबासारखी पिवळी. सोमवारी संध्याकाळी जरा पोपटी, किटबरोबरच्या रंगांच्या कार्डावर ०.२५, म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम. मंगळवारी सकाळी कैरीच्या सालीसारखी हिरवी, कार्डावर १. केशरचे पंख मिटायला लागले होते. तिला लगेच टबात घेतलं आणि दुपारपर्यंत तिचा पाठीवरचा पंख उभा राहिला. त्या टबात औषधाचा एक थेंब नव्हता.

अमोनियाचा आकडा शून्यच हवा, आणि नायट्राइटचाही. नायट्रेट ४० च्या आत ठेवा. किटबरोबर पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, बघायची बाटलीही घ्या, कारण अमोनिया किती घातक ठरतो ते पीएचवर ठरतं. पीएच ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. पाणी गरम असेल तर आणखी वाढतो. म्हणून बोअरच्या जड पाण्यात, एप्रिल-मेच्या उकाड्यात, ०.५ चा आकडासुद्धा मासा झोपवतो.

मासा आज तळाशी बसलाय, तर

पहिलं काम, खाणं बंद. दोन-तीन दिवस उपाशी राहून धडधाकट गोल्डफिशला काहीही होत नाही. आजारी मासा तसाही खात नाही आणि टाकलेले दाणे कुजून पाणी आणखी बिघडवतात. घरातल्या मोठ्या माणसांना हे पटत नाही. आमच्या सासूबाई 'लेकराला उपाशी ठेवू नये गं' म्हणत दोन दाणे टाकायच्याच. त्यांना हिरवी झालेली नळी दाखवली, मग थांबल्या.

दुसरं, पाणी तपासा. किट घरात नसेल तरी अमोनिया गृहीत धरून चालायला हरकत नाही, विशेषतः टाकी नवी असेल, नुकतीच धुतली असेल किंवा फिल्टर बराच वेळ बंद पडला असेल तर. निम्मं पाणी काढा आणि क्लोरीन घालवलेलं, टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचं पाणी हळूहळू भरा. एक हात टाकीत, एक बादलीत घालून बघा. फरक हाताला कळत असेल तर थांबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, गरज पडली तर पुन्हा निम्मं बदला. आम्ही एकदा सलग सहा दिवस रोज बदललं होतं.

इथे एक सावधगिरी. टाकी बरेच महिने साफच केली नसेल, पाणी पिवळट झालं असेल, तर एकदम निम्मं बदलू नका. अशा पाण्याचा पीएच हळूहळू उतरलेला असतो आणि साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून असतो. त्यात एकदम जड पाणी ओतलं की पीएच उसळतो आणि तोच अमोनिया तासाभरात विष होतो. 'पाणी बदललं आणि मासा मेला' या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. तिथे रोज दहा-पंधरा टक्केच बदला, आठवडाभर.

तिसरं, हवा. मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करत असेल तर एअर पंप लावा, फिल्टरची धार पृष्ठभागावर पडेल अशी वळवा. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मुरतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा मासा, १८ ते २४ अंशांत सुखात असतो. उन्हाळ्यात झाकण काढून टेबलफॅनचा वारा पाण्यावरून जाऊ दिला तर दोन-तीन अंश सहज उतरतात. जाळी मात्र लावा, मासा उडी मारतो. बर्फ टाकू नका, त्यानं तापमान झोके खातं.

चौथं, मीठ. हे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात मीठ बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असतं, म्हणून पाणी सतत त्याच्या अंगात शिरत राहतं आणि ते बाहेर टाकण्यात त्याची ताकद जाते. पाणी किंचित खारं केलं की तो भार हलका होतो. शिवाय मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. नायट्राइट रक्तात गेलं तर रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात आणि एअर पंप चालू असूनही मासा धापा टाकतो.

खडे मीठ घ्या, ज्यात आणखी काही मिसळलेलं नाही असं. चमच्यानं मोजू नका, वजनकाट्यावर मोजा. टाकीतलं पाणी किती ते आधी काढा: लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००. आमच्या टाकीत ६० गुणिले ३० गुणिले २५, म्हणजे ४५ लिटर. गोट्यांची जागा वजा करा. सुरुवातीला लिटरला १ ग्रॅम. टाकीतल्याच पाण्यात पूर्ण विरघळवून, फिल्टरच्या धारेजवळ थोडं थोडं ओतायचं. खडे तसेच तळाशी पडले आणि मासा त्यावर बसला तर त्याचं अंग भाजतं.

मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, हे विसरलं की घोटाळा होतो. पाणी आटलं म्हणून वर भरलं तर मीठ घालायचं नाही. १५ लिटर काढून नवं भरलं तर त्या १५ लिटरपुरतंच घालायचं. टाकीत जिवंत वनस्पती असतील तर त्या आधी बाहेर काढा, त्यांना मीठ मानवत नाही. मासा सावरला की मीठ घालणं थांबवा. पुढच्या पाणीबदलांबरोबर ते आपोआप उतरत जाईल. रोजच्या सवयीसाठी मीठ नको.

बरा होताना माशाच्या पंखांच्या कडा, कधी ओठ, कधी पाठ काळी पडते. ते बघून पोटात गोळा येतो. केशरच्या शेपटीची कड काजळ लावल्यासारखी झाली होती आणि मी पुन्हा औषधाच्या दुकानात निघाले होते. अमोनियानं पोळलेली जागा भरून येताना असा काळा रंग चढतो आणि दोन-तीन आठवड्यांत उतरतो. पाणी चांगलं आहे, मासा खातो आहे, तर त्याला हात लावू नका.

टाकी धुवायची नाही, आवरायची

आता दर रविवारी एक बादली पाणी, म्हणजे टाकीच्या साधारण चौथाई, सायफनच्या नळीनं काढते. नळीचं तोंड गोट्यांत खुपसलं की खालचा गाळ आपसूक वर ओढला जातो. मासे टाकीतच असतात. गोटे बाहेर निघत नाहीत. स्पंज महिन्यातून एकदा, आणि तोही काढलेल्या त्या जुन्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा दाबून. तो तपकिरीच राहिला पाहिजे. पांढराशुभ्र स्पंज म्हणजे विषात पोहायला ठेवलेला मासा, असं मी लेकीला सांगते. फिल्टरमध्ये दोन स्पंज असतील तर एका महिन्यात एक, दुसऱ्या महिन्यात दुसरा. काडतूस (फिल्टरच्या आतला बदलायचा भाग) बदला असं फिल्टरच्या खोक्यावर लिहिलेलं असेल तर नवं काडतूस जुन्याच्या शेजारी महिनाभर चालवा, मग जुनं काढा.

काढलेलं पाणी मोरीत ओतू नका, कुंड्यांना घाला. आमच्या जास्वंदीला त्याचा फार उपयोग होतो. मीठ घातलेलं पाणी मात्र झाडांना नको.

वाडग्यात किंवा काचेच्या गोल पॉटमध्ये गोल्डफिश असेल तर हे सगळं करूनही फेरा थांबणार नाही, हे स्पष्ट सांगते. तिथे जिवाणू बसायला जागाच नाही आणि अमोनिया काही तासांत चढतो. चांगल्या पाण्यात हा मासा दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. साधा एकेरी शेपटीचा मासा वीतभराहून मोठा होतो. दोन फुटी टाकीत दोन गोल्डफिश म्हणजेच दाटी, तिसरा आणू नये. पांढरा गेल्यावर आम्ही दुसरा आणलेला नाही.

आपल्याकडचं पाणी

नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायला बादली उघडी ठेवून २४ तास थांबायचं. त्यात एअर स्टोन, म्हणजे एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड, सोडला तर काम लवकर होतं. घाई असेल तर दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळणारं औषध चालतं. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, ज्याला जुने फोटोवाले हायपो म्हणतात.

आमचा एक झटका असा बसला की तो कशानं बसला ते कळायला महिना लागला. सोसायटीची गच्चीवरची टाकी धुतली होती. धुणाऱ्यांनी ब्लीचिंग पावडर वापरली आणि पहिलं भरलेलं पाणी त्याच वासाचं आलं. मी रोजच्यासारखी बादली भरून रात्रभरच ठेवली होती. केशर टाकीभर सैरावैरा धावायला लागली, अंगावर पांढुरका चिकट थर आला. तेव्हापासून सोसायटीच्या फळ्यावर टाकी धुण्याची सूचना लागली की त्या आठवड्याचं पाणी मी आदल्या दिवशीच भरून ठेवते. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हाही एक दिवस जास्तीचा थांबते.

उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की पाणी जड होतं. जड पाणी गोल्डफिशला वाईट नाही, उलट मानवतं. त्याला त्रास होतो तो एकदम बदलाचा. त्यामुळे टँकरच्या दिवसांत एका वेळी कमी पाणी बदला, आठवड्यातून दोनदा. आणि मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, तेव्हा बादली पहाटे भरा आणि घरात सावलीत ठेवा.

पाणी चांगलं आहे, तरी पुन्हा होतं ते आजार

पांढरे ठिपके, म्हणजे अंगावर रवा भुरभुरल्यासारखं दिसणारं. मासा गोट्यांवर अंग घासतो. हा एक परजीवी आहे. ठिपका दिसतो तेव्हा तो कातडीच्या आत असतो आणि तिथे कुठलंच औषध पोचत नाही. मोठा झाला की गळून तळाशी पडतो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि ती पिल्लं माशाला शोधत पोहायला लागतात. औषधाचा आणि मिठाचा घाव फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर बसतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग स्वच्छ दिसलं की लोक थांबतात, आणि आठवड्यानं दुप्पट ठिपके येतात. औषध चुकलेलं नसतं, ते लवकर बंद केलेलं असतं.

मी यावर मीठच वापरते. पहिल्या दिवशी लिटरला १ ग्रॅम, बारा तासांनी आणखी १, पुन्हा बारा तासांनी आणखी १, असं ३ ग्रॅमपर्यंत चढवायचं आणि दोन आठवडे टिकवायचं. शेवटचा ठिपका गेल्यावर किमान एक आठवडा मोजायचाच. रोज तळाचा गाळ सायफननं काढायचा, कारण गळालेले परजीवी त्यातच असतात. आपल्याकडे पाणी कोमट असल्यानं हा फेरा लवकर पुरा होतो. थंडीत लांबतो, तेव्हा उपचारही लांबवा. उपचार अख्ख्या टाकीवर करायचा. मासा बाहेर काढून बरा केला आणि त्याच टाकीत सोडला तर पिल्लं तिथे वाट बघतच असतात.

एक मात्र नीट बघून घ्या. फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या पंखांच्या पुढच्या काडीवर ओळीनं बारीक पांढरे दाणे असतील, मासा तरतरीत असेल, तर तो नर आहे आणि ही विणीच्या हंगामाची खूण आहे. त्यावर औषध करू नका.

उलटा होणं किंवा एका बाजूला कलंडून तरंगणं हे गोल अंगाच्या जातींत फार, म्हणजे ऑरांडा, रँचू, फँटेल. त्यांची आतडी आणि हवेची पिशवी आखूड अंगात कोंबलेली असतात. तरंगते कोरडे दाणे खाताना मासा हवा गिळतो, दाणे पोटात फुगतात आणि पिशवीवर दाब येतो. तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला मटार, बोटानं चुरून, दिवसातून एक. बहुतेकांना एवढ्यानं उतार पडतो. पुन्हा होऊ नये म्हणून बुडणारे दाणे घ्या आणि तेही दोन-तीन मिनिटं वाटीत भिजवून द्या. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपतील एवढेच. आमचा पांढरा दर सणावाराला कलंडायचा, कारण पाहुण्यांची मुलं डबी उघडून दाणे टाकायची. डबी वरच्या फळीवर गेली आणि कलंडणं थांबलं.

पंखांच्या कडा झडणं बहुतेक वेळा खराब पाण्याचाच परिणाम, वर सांगितलेलं केलं की थांबतं. झडलेला पंख पुन्हा वाढतो तेव्हा नवी कड काचेसारखी पारदर्शक किंवा दुधी दिसते. तो रोग समजू नका.

आणि अंग फुगून खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहिले असतील, तर मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत असं समजायचं. वरून बघितलं की हे नीट कळतं. यातून क्वचितच मासा वाचतो. वेगळ्या टबात, स्वच्छ पाण्यात, एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट अगदी थोडं घातलं तर सूज काहीशी उतरते. पांढरा असाच गेला. पाच महिने दर महिन्याला अमोनिया सोसून त्याचं अंग पोखरलं होतं. टाकीत दुसरे मासे असतील तर त्यांच्या पाण्याकडे त्याच दिवशी बघा.

बाटल्या आणि कॅप्सूल

मिथिलीन ब्लू वाईट नाही, अंड्यांवर आणि जखमेवर त्याचा उपयोग होतो, पण ते वेगळ्या टबात. मोठ्या टाकीत घातलं तर स्पंजवरच्या जिवाणूंना मारतं आणि काचेच्या सांध्यांचं सिलिकॉन कायमचं निळं करतं. माणसांची टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. जड पाण्यातलं कॅल्शियम ते औषध बांधून टाकतं, माशाला ते धड मिळत नाही, आणि टाकीतले उपयोगी जिवाणू मात्र धोक्यात येतात. हळदही नको. ती पाण्यात विरघळत नाही, तळाशी आणि कल्ल्यांत बसते.

जखम खोल असेल, एकामागून एक मासे जात असतील तर माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याकडे जा. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था, रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, इथे माशांच्या रोगांचा अभ्यास शिकवला जातो. तिथून शिकलेली माणसं महाराष्ट्रभर आहेत. विचारायला जाताना पाण्याचे आकडे आणि माशाचा वरून व बाजूनं काढलेला फोटो बरोबर न्या.

नवा मासा, मग तो कुर्ल्याच्या बाजारातून आणा की कोपऱ्यावरच्या दुकानातून, आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. टबासाठी स्पंज हवा म्हणून मोठ्या टाकीच्या फिल्टरमध्ये एक जादाचा छोटा स्पंज कायम ठेवून द्या. गरज पडली की मुरलेला तयार मिळतो.

वीज गेली, गावाला गेलो

फिल्टर बंद पडला की त्यातलं पाणी साचतं आणि जिवाणूंना प्राणवायू मिळेनासा होतो. तास-दीड तासानं काही बिघडत नाही. चार-पाच तास वीज येणार नसेल तर स्पंज बाहेर काढून टाकीच्या पाण्यातच मोकळा सोडा आणि मगानं पाणी वरून ओतत राहा. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असलेला बरा. वीज आल्यावर बंद फिल्टर तसाच सुरू करू नका, आत साचलेलं पाणी आधी ओतून द्या.

गणपतीत आम्ही आठ दिवस कोकणात जातो. पूर्वी शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि दाण्यांची डबी देऊन जायचे, आणि परत यायचे तेव्हा पाणी गढूळ झालेलं असायचं. त्या प्रेमानं दिवसातून चारदा घालायच्या. आता जाण्याआधी दोन दिवस पाणी बदलून घेते, आकडे तपासते आणि काकूंकडे कागदाच्या तीन पुड्या देते, प्रत्येकीत दहा दाणे. वर तारीख लिहिलेली, दर दोन-तीन दिवसांनी एक. डबी आमच्याबरोबर गावाला येते.